पडद्यावरील चित्र अडखळतें तेव्हां

परभणी जिल्ह्यांत कापसावरील गुलाबी बोंडअळीविषयीं शेतकऱ्यांपुढें बोलावयाचें म्हणजे चित्रांवांचून चालत नाहीं. अळी बोंडाच्या आंत दडलेली असते; वरून बोंड निरोगी दिसतें. म्हणून व्याख्याता फोडलेल्या बोंडांचीं छायाचित्रें लॅपटॉपवर क्रमानें लावून प्रोजेक्टरनें पडद्यावर टाकतो. परंतु ऐन वेळीं एक चित्र जाऊन दुसरें येतांना मध्येंच अडखळतें. मागें कुजबूज सुरू होते, दोघेतिघे उठून जातात, आणि कामगंध सापळे कधीं लावावे हें ऐकावयास ते नसतात.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले, तेव्हां रंगविलेल्या कांचा कंदिलापुढें हातानें सरकवाव्या लागत. चित्र थांबलें तर हात थांबला, हें उघड असे. आजच्या यंत्रांत तो हात दिसत नाहीं, म्हणून कारण शोधावें लागतें.

पुष्कळ जण लॅपटॉपला बोल लावून नवा घेण्याच्या गोष्टी करतात. ही घाई होय. प्रथम ट्रान्झिशनसाठीं किती सेकंद नेमले आहेत तें पाहावें. तीन-चार सेकंद नेमले असल्यास यंत्र बिचारें हुकूमच पाळीत आहे! तसें नसल्यास ट्रान्झिशन अजिबात काढून पाहावें. तरीही चित्र रखडलें, तर दोष बहुधा चित्राच्याच भाराचा समजावा.

मोबाइलनें टिपलेलें छायाचित्र ४००० बाय ३००० ठिपक्यांचें असलें, तर त्याचे १ कोटी २० लाख ठिपके होतात. १९२० बाय १०८० च्या प्रोजेक्टरवर २१ लाखही मावत नाहींत. म्हणजे जवळजवळ सहापट चित्र यंत्रास उलगडावें लागतें, आणि त्यांतलें बारीक काम कोणासही दिसत नाहीं. फाइल चार-पांच एमबीची दिसते यावर भुलूं नये. ती घडी घातलेल्या धोतरासारखी असते. घडी मोडली कीं, ठिपक्यास ४ बाइट धरल्यास, तेंच चित्र ४८ एमबी जागा व्यापतें. यास्तव मूळ चित्रें वेगळीं जपून ठेवून पॉवरपॉइंटमधील ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ ही आज्ञा वापरावी, आणि कातरलेला भागही काढून टाकण्याची खूण करावी. नुसतें कातरल्यानें तो भाग फाइलींतून जात नाहीं.

ट्रान्झिशन काढल्यावर सारें सुरळीत चाललें, तर मात्र चित्रें निर्दोष. मग गरगर फिरणारे, पडदा फाडणारे देखावे सोडून साधा ‘फेड’ ठेवावा. बोंडअळीस त्या थाटाची गरज नाहीं. लॅपटॉप बॅटरीवर वीज वांचवीत चालत असेल तर तो विजेस जोडावा, आणि पेन ड्राइव्हवरील फाइल आधीं लॅपटॉपवर उतरवून घ्यावी.

घरीं नीट चाललेलीं चित्रें सभागृहांत पुन्हां रखडतात, याचेंही कारण आहे. प्रोजेक्टर जोडल्यावर ‘प्रेझेंटर व्ह्यू’ चालू असेल तर यंत्रास दोन पडदे एकदम रंगवावे लागतात. म्हणून श्रोते येण्यापूर्वीं, त्याच प्रोजेक्टरवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदां चित्रें चालवावीं, आणि तीं रखडलीं तर तो व्ह्यू बंद करून पाहावा.