मजुरी कोण पाडतो?



खात्यात पगाराची गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणतोच, "बाहेरचे आले, त्यांनी रोज पाडला." आम्हीही हे बोललो आहोत, खोटं कशाला सांगा? म्हणून आज अमेरिकेतल्या शेतमजुरांची हकिगत सांगतो. आपला धंदा सुताचा, त्यांचा टोमॅटोचा. मालक मात्र तिथलाही तसाच.

१९४२ साली लढाई चालू होती. शेतावर माणूस मिळत नाही म्हणून तिथले बागाईतदार ओरडू लागले. तेव्हा अमेरिका आणि मेक्सिको सरकारांनी करार केला. मेक्सिकोचा गडी मुदतीनं आणायचा, पीक काढून झालं की परत धाडायचा. त्याला 'ब्रासेरो' म्हणत, म्हणजे हातानं राबणारा. लढाई १९४५ ला संपली, करार चालला १९६४ पर्यंत! तेवढ्यात ४५ लाखांवर करारपत्रं झाली.

कागदावर सगळं झकास. गावच्या चालू रोजापेक्षा कमी द्यायचं नाही, संपाच्या शेतावर न्यायचं नाही. पण चालू रोज किती, हे सांगणार कोण? हंगामाआधी बागाईतदारच बसून आकडा ठरवीत. आणि गडी ज्याच्या नावावर आला त्याच्याच शेताला बांधलेला. तोंड उघडलं की परत रवाना. सुरुवातीच्या वर्षांत 'बचत' म्हणून रोजातले शंभरी १० कापले, ते कित्येकांना कधी मिळालेच नाहीत. असा बांधलेला माणूस शेजारी राबत असता गावच्या मजुराचा रोज चढेल कसा? रोज त्यानं पाडला नाही, त्याला बांधणाऱ्या दोरीनं पाडला.

१९६४ अखेर करार बंद झाला. तिथल्या युनियनवाल्यांचीच ती मागणी होती. परका गेला, आता रोज चढणार! पुढे पंडितांनी हिशेब तपासले. जिथे ब्रासेरो पुष्कळ होते आणि जिथे नव्हतेच, दोन्ही राज्यांत रोज जवळजवळ सारखाच सरकलेला. कारण मालकांनी टोमॅटो काढायचं यंत्र आणलं. थोड्याच वर्षांत कॅलिफोर्नियाचा कारखान्यात जाणारा बहुतेक टोमॅटो यंत्रानं निघू लागला. यंत्रानं काय होतं, हे साच्यावरच्या माणसाला आम्ही काय शिकवणार?

मग सप्टेंबर १९६५. डेलानो गावच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलिआँग यांच्या पुढारपणाखाली फिलिपिनो मजूर संपावर गेले. मालकांची जुनी रीत अशी, की एका मुलखाच्या मजुरांचा संप दुसऱ्या मुलखाचे आणून मोडायचा. या खेपेला आठ दिवसांत सीझर चावेझ यांचे मेक्सिकन मजूर त्याच संपात उतरले. पाच वर्षं टिकले, द्राक्षांवर बहिष्कार पुकारला, आणि १९७० साली मालकांना युनियनशी करार करावा लागला. रोजही वाढवून द्यावा लागला. हेही सांगितलं पाहिजे, की याच युनियननं १९७४ साली चोरवाटेनं आलेल्या मजुरांविरुद्ध मोहीम काढली. शहाण्यालाही भूल पडते.

उद्या पाळीला जाताना गेटवर कंत्राटदाराचा परमुलखी गडी भेटला तर त्याला विचारा, हातात किती पडतात, कापतात किती, आणि कार्ड कुणाच्या खिशात असतं? उत्तर रविवारच्या सभेला घेऊन या. जमलं तर त्यालाही आणा.