गाठ, अर्बुद आणि ईजिप्तचा वैद्य



प्राचीन ईजिप्तचे वैद्यक मराठीत आणू लागले, की पहिली अडचण येते ती शब्दाची. एडविन स्मिथ याने १८६२ साली लक्झर येथे विकत घेतलेला पपायरस इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास लिहिलेला आहे. मूळ ग्रंथ त्याहूनही जुना असावा. ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात ४८ प्रकरणे असून निदानासोबत वैद्याचा निवाडाही येतो : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर उपचार करू नये.

३९ व्या प्रकरणात छातीवर गळवासारख्या गाठी आहेत. तेथे डाग देण्यास सांगितले आहे. ४५ व्या प्रकरणातील गाठी मात्र हाताला थंड आणि कच्च्या फळासारख्या कठीण लागतात. त्यांत पाणी नाही, रुग्णाला ताप नाही. निवाडा 'झुंजेन' असाच आहे, आणि त्याखाली उपचार नाही, एवढीच नोंद. लोकप्रिय लेखनात या दोन प्रकरणांची गल्लत होऊन या बिचाऱ्या रुग्णालाही डाग दिला जातो!

हा कर्करोगच, असे अनेक अभ्यासक मानतात. तथापि खेकड्याची ती उपमा ग्रीकांची; ती ईजिप्तच्या वैद्याच्या तोंडी घालणे मला प्रशस्त वाटत नाही. मग सुश्रुताचे 'अर्बुद' का नको? वाटोळे, स्थिर, अल्प वेदनेचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे, असे त्याचे वर्णन आहे. त्याचा अंश मागे राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, हेही सुश्रुताने बजावले आहे.

परंतु येथे, बेंगळुरूत, हा शब्द घोटाळ्याचा ठरतो. मराठी परिभाषेत निरुपद्रवी वाढसुद्धा अर्बुदच. कानडीत मात्र कर्करोगालाच अर्बुद म्हणतात. दोन्ही भाषा बोलणाऱ्या इथल्या मराठी घरात हा एकच शब्द आजीला निश्चिंत ठेवील आणि नातवाचा थरकाप उडवील. येथील किदवई संस्थेच्या कानडी नावात 'गंथी' हा शब्द आहे; तो आणि आपली 'गाठ' ही एकाच 'ग्रंथी'ची लेकरे. म्हणून भाषांतरात मी 'गाठ' योजली आहे आणि सुश्रुताचे अर्बुद तळटिपेत दिले आहे. 'झुंजेन' आणि 'उपचार नाही' ही दोन वाक्ये मात्र मुळात आहेत तशीच, लागोपाठ ठेवली आहेत. त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केलेला नाही.