मनाचा पीळ



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आम्ही धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी आपल्यापैकी कित्येकांची अपेक्षा असेल. ते काम स्मरणिकेतील इतर लेख उत्तम प्रकारे करतील. आम्ही आज ‘ज्युबिली’ ह्या शब्दाकडेच आपले लक्ष वेधू इच्छितो. जुन्या करारात, लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात, इस्राएल लोकांस असा नियम घालून दिला आहे की, दर ५० व्या वर्षी रणशिंग फुंकून देशभर मुक्तता जाहीर करावी. विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी. दास्यात पडलेल्या बांधवाने आपल्या घरी परतावे. आणि शेतालाही विसावा मिळावा. म्हणजे ज्युबिली हा मुळात मिळविण्याचा सण नव्हे, सोडून देण्याचा सण आहे. आपण मंडप उभारला, दिवे लावले, देवालयाला नवा रंग दिला. परंतु आपण सोडले काय?

जमिनीची आणि दासाची सुटका कायद्याने करता येते. मनाने आवळून धरलेल्या गोष्टींची सुटका कोण करणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. ज्या प्रसंगाने मनास पीळ बसला तो प्रसंग केव्हाच जळून राख झालेला असतो, आणि पीळ मात्र जसाच्या तसा राहतो. आम्ही चांगल्या संस्कारांविरुद्ध बोलत आहोत, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मातेने बालकास क्रुसाची खूण करावयास शिकविले, खोटे बोलू नये असे सांगितले, हेही मनास लावलेले वळणच होय. परंतु त्याने मन मोकळे होते. ‘अमुक मिळाल्यावाचून मला सुख नाही’, ‘तमुक लोक असेच असावयाचे’ असे जे निवाडे आपण कधीही तपासून न पाहता वागवीत असतो, त्यांस आम्ही पीळ म्हणतो.

पाव्हलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अन्न देण्यापूर्वी कुत्र्यास दर वेळी एक ठराविक आवाज ऐकविला. पुढे पुढे अन्न नसताही केवळ त्या आवाजाने त्याच्या तोंडास पाणी सुटू लागले. त्या मुक्या प्राण्यास आपण हसण्याचे कारण नाही. आपल्यापैकी पुष्कळजण पहाटेच्या लोकलने टिटवाळ्याहून मुंबईस कामावर जातात. डब्यातील खिडकीजवळची जागा ‘आपल्या मंडळींची’ असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. तरीही एखादा अनोळखी प्रवासी तेथे येऊन बसला की, आपल्या कपाळाची शीर उठते. त्या बिचाऱ्याने आपले काहीही घेतलेले नसते. आवाज झाला आणि आतून राग पाझरला, एवढेच. मंगळवारी संकष्टी आली म्हणजे महागणपतीच्या दर्शनास भक्तांची रीघ लागते. ती पाहून ‘आज रस्ता बंद’ एवढेच ज्याच्या मनात येते, त्याने त्या रांगेत अनवाणी उभ्या असलेल्या वृद्धेची भक्ती पाहिलेलीच नसते. आणि देवालयाच्या आत तरी काय आहे? वसईचे, गोव्याचे, केरळाचे, मंगळुराचे, नगरकडचे असे आपण एकाच वेदीभोवती जमतो. तरी मिस्सा कोणत्या भाषेत व्हावा, हा प्रश्न निघताच समोरचा बंधू नाहीसा होतो आणि त्याचा प्रांत तेवढा दिसू लागतो.

परंतु आम्ही दुसऱ्यांचे दोष सांगून स्वस्थ बसलो, तर हे प्रवचन व्यर्थ जाईल. परवा ह्या स्मरणिकेचे कच्चे मुद्रित तपासणीसाठी आमच्या हाती आले. आम्ही प्रथम कोणते पान उघडले असेल? प्रार्थनेचे नव्हे, दिवंगत धर्मगुरूंच्या स्मरणाचेही नव्हे, आभाराचे. त्यात आमचे नाव तिसरे होते. ती सबंध दुपार आमचे चित्त ठिकाणावर नव्हते. सायंकाळी वेदीपुढे बसलो असता लक्षात आले की, लहानपणी शाळेत पहिला क्रमांक आला म्हणजे घरी कौतुक होई, आणि न आला म्हणजे जेवताना आमच्याशी कोणी बोलत नसे. ते घर आता उरले नाही, ती माणसेही देवाघरी गेली. परंतु पन्नाशी उलटलेल्या ह्या धर्मगुरूच्या झग्याआड तोच मुलगा अद्याप आपला क्रमांक पाहत उभा आहे. त्याला पाहिले, तेव्हा आम्हांस हसू आले, आणि त्या हसण्याबरोबर पीळ थोडासा सैल झाला.

पीळ पाहणे हीच त्यातून सुटण्याची पहिली पायरी होय, हे संत इग्नासीच्या चरित्रावरून स्पष्ट होते. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने ह्या सरदाराचा पाय मोडला आणि तो घरी अंथरुणास खिळला. त्याने शौर्यकथा वाचावयास मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा त्यास देण्यात आल्या. पडल्यापडल्या त्याच्या ध्यानात आले की, मानमरातबाची स्वप्ने रंगवीत असता गोड वाटतात, परंतु मागाहून मन कोरडे पडते. संतांचे अनुकरण करण्याच्या विचारांनी मात्र मागाहूनही समाधान टिकते. तो स्वतःच्या मनाकडे पाहू लागला, आणि येथूनच त्याचे जीवन बदलले. तथापि धार्मिकतेचाही पीळ असतो. पुढे मान्रेसा येथे त्यास जुन्या पापांच्या शंकांनी असे ग्रासले की, तीच पापे तो पुनःपुन्हा कबूल करी आणि तरीही त्यास शांती मिळेना. आत्मघाताचा विचारही त्याच्या मनास शिवून गेला. अखेरीस गतकाळची पापे पुन्हा कबूल करावयाची नाहीत, असा त्याने निश्चय केला, तेव्हा तो त्या जाचातून सुटला. १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी मान्यता दिलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथात, आरोग्य की आजार, संपत्ती की दारिद्र्य, मान की अपमान, ह्यांपैकी कशातही मन अडकू न देता देवाच्या इच्छेकरिता मोकळे राहावे, अशी शिकवण आहे.

हीच शिकवण आपल्या प्रांतात एका येशूसंघीय धर्मगुरूने नव्या भाषेत सांगितली. आपल्या कल्याण स्थानकात लोहमार्गास दोन फाटे फुटतात. एक टिटवाळ्यावरून कसाऱ्याकडे येतो, दुसरा कर्जतवरून लोणावळ्याकडे जातो. त्या लोणावळ्यात फादर अँथनी डिमेलो ह्यांची ‘साधना’ संस्था होती. त्यांचा जन्म १९३१ साली मुंबईत झाला, आणि १९८७ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. आपण दुःखी होतो ते परिस्थितीमुळे नव्हे, तर सुखाविषयी मनात भरविलेल्या अटींमुळे. त्या अटी जागेपणी पाहिल्या म्हणजे त्यांची पकड ढिली होते, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होय. सत्यास स्मरून हेही सांगितले पाहिजे की, १९९८ साली रोम येथील श्रद्धासिद्धांत मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी सूचना काढली. मन आणि विकार ह्यांवर ताबा मिळविण्यास साहाय्यक असे पौर्वात्य ज्ञान त्यात आहे, हे मान्य करून, त्यांची काही मते श्रद्धेशी विसंगत आहेत, असे तीत म्हटले आहे. ह्यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की, मन पाहणे हे दार उघडणे होय. आत येणारी शांती मात्र आपण निर्माण करीत नाही, ती देवाची देणगी आहे.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असता, आम्ही एका वृद्ध गृहस्थाच्या आजारपणात त्यांच्याकडे जात असू. पुढील हकीकत त्यांच्या कन्येच्या संमतीने सांगत आहोत. तिने आपल्या समाजाबाहेर विवाह केला, म्हणून १४ वर्षे त्यांनी तिचे तोंड पाहिले नव्हते. तिचा अपराध कोणता, असे आम्ही विचारले की ते म्हणत, “आमच्या घराण्यात असे होत नाही, फादर.” एके दिवशी आम्ही विचारले, “हे वाक्य आपण प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले?” ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बाबांच्या. माझ्या आत्याला त्यांनी असेच घराबाहेर ठेवले होते. आत्या मला फार आवडायची.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीस निरोप धाडला. ती आली, दारातच उभी राहिली. १४ वर्षे साठविलेले कोणतेही वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. ते एवढेच म्हणाले, “जेवलीस का?” त्यानंतर ते नऊ दिवस जगले, आणि त्या नऊ दिवसांत त्या घरात जी शांती आम्ही पाहिली, ती कोणत्याही उत्सवात पाहिली नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, ज्युबिलीनिमित्त प्रत्येकाने एक तरी पीळ सोडावा. पावसाळ्यात आपल्या काळू नदीचे पाणी गढूळ असते. ते हाताने ढवळून निवळत नाही, भांड्यात स्थिर ठेवले म्हणजे गाळ आपोआप खाली बसतो. रोज रात्री निजण्यापूर्वी थोडा वेळ निवांत बसावे आणि आज शांती कोठे हरवली ते आठवावे. त्या क्षणी मन कोणती अट घालीत होते ते पाहावे, आणि ती अट कोणी शिकविली हे स्वतःस विचारावे. स्वतःस दोष देत बसू नये. तोही एक पीळच होय. जे दिसेल ते प्रभूच्या हाती द्यावे. आणि ज्याच्याशी बोलणे टाकले आहे, त्याच्या दाराशी ह्याच आठवड्यात जावे.

पुनरुत्थित प्रभू शिष्यांमध्ये येऊन उभा राहिला, तेव्हा ते भीतीने दारे लावून बसले होते. आधी दारे उघडा, असे तो म्हणाला नाही. बंद दारांच्या आत येऊनच त्याने त्यांस शांती दिली. तोच प्रभू आपल्याही बंद मनांत येवो. आमेन.