नवी पुस्तके आणि जुने तलाव

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, वाचनालयात नव्याने दाखल झालेल्या पाणी व निसर्गविषयक ग्रंथांचा परिचय करून देताना एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण.)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. वास्तविक ग्रंथांविषयी बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. आम्ही मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षक झालो आणि छत्तीस वर्षे मुलांना पाढे व कविता शिकविल्या. निवृत्तीनंतर मंडळाने वाचनालयाच्या किल्ल्या आमच्या हाती दिल्या, एवढाच आमचा अधिकार. कपाट उघडता उघडता पुस्तकही उघडले गेले, आणि त्यातून जे मनात आले ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. चुकल्यास लहानथोरांनी सांभाळून घ्यावे.

यंदा देणगीदारांच्या औदार्याने पाणी, वने, पशुपक्षी व भूमी यांविषयीची एकवीस पुस्तके वाचनालयात आली. सर्वांची नावे वाचून दाखवीत बसलो तर भोजनाची वेळ टळेल. म्हणून चार-पाचच ग्रंथांचा उल्लेख करतो.

पहिला ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’. तो 1883 साली लिहिला गेला. शेतकऱ्यांच्या हलाखीचे वर्णन म्हणून तो सर्वांस ठाऊक आहे. पण त्यात शेताशेतांतून ताली-बंधारे घालावेत, पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे व मग ते ओढ्यानाल्यास मिळू द्यावे, या कामी सरकारने आपले लष्कर व पोलीस लावावेत, असा विचारही आहे, हे आम्हांस या वयात कळले. दुसरे पुस्तक अमेरिकेतील विदुषी रेचेल कार्सन यांचे. 1962 साली त्यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून डीडीटीसारख्या विषारी औषधांनी पाखरे कशी नाहीशी होतात ते जगापुढे मांडले. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली; परंतु पुढे 1972 मध्ये त्यांच्याच देशाने शेतीतील डीडीटीचा वापर थांबविला. आपल्या बांध्यांवरचे औषध पावसाच्या पाण्याबरोबर कोठे वाहत जाते, हा प्रश्न ते पुस्तक मिटल्यावर आपोआप पडतो. तिसरे श्री. अनुपम मिश्र यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’. हे 1993 साली निघाले. आपल्या देशात तलाव कोणी बांधले, कसे बांधले, त्यांची निगा कशी राखली, हे इतक्या सोप्या हिंदीत सांगितले आहे की चौथीच्या मुलासही कळावे. लेखकाने या पुस्तकावर स्वामित्वहक्क ठेवला नाही. ज्यास हवे त्याने छापावे अशी मोकळीक दिली. मिश्रजी 2016 साली निवर्तले. चौथे पुस्तक तर आपल्या अंगणातलेच, कै. मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’. वनखात्यात आयुष्य वेचलेला हा थोर लेखक 2025 साली आपल्यातून गेला. आपल्या तलावांवरची पाखरे आणि आपल्या रानातली माणसे त्यांनी मराठी वाचकास दाखविली. आम्ही मात्र त्याच तलावाच्या काठाने सायकलवरून जात होतो, आणि आमचे लक्ष रस्त्याच्या खड्ड्यांकडे होते!

पाचवा ग्रंथ जुना आहे, नवी प्रत आली एवढेच. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर 1916 साली चार खंडांत इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या खंडात आपल्या कोहळी समाजावर प्रकरण आहे. आमचे इंग्रजी बेताचेच. शब्दकोश उशाशी घेऊन तीन रात्री ते वाचले. वैनगंगेच्या खोऱ्यातील प्रसिद्ध तलाव बांधणारी जात म्हणून त्यात आपली नोंद आहे. वाचून छाती भरून आली, हे आम्ही लपवीत नाही.

आमचे पूर्वज राजे नव्हते, सरदार नव्हते. त्यांनी माती ओळखली, उतार ओळखला आणि पाणी अडविले. आपला तलाव म्हणजे खणलेला खड्डा नव्हे. जमिनीचा उतार पाहावयाचा, दोन टेकड्यांमधली किंवा उंचवट्यांमधली खोलगट जागा हेरावयाची आणि पाणी जेथून निसटते त्या बाजूस मातीची पाळ घालावयाची. पाळीच्या बुडाशी पाणी सोडण्याची सोय, जिला आपण तुडुम म्हणतो. एका अंगास सांडवा. सांडव्याचे पाणी खालच्या गावच्या तलावात, तेथून त्याच्याही खालच्या बोडीत. असे हे तलाव एकमेकांस पाणी देत उतरत जातात. आपल्याकडे पाऊस तसा उदंड पडतो. वर्षाकाठी बाराशे-तेराशे मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत येतो आणि जातो. भारी धान निसवण्याच्या वेळी हस्ताने दगा दिला तर भरलेली बांधी डोळ्यांदेखत वाळते. त्या एका पाण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी हा सर्व खटाटोप केला.

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, ही परंपरागत कथा आपल्या घराघरांत सांगतात. भोवतालच्या सात डोंगरांस सात बहिणी म्हणतात, आणि त्या बहिणींनी पाटलास बांध घालण्यास साहाय्य केले अशी श्रद्धा आहे. कथेतले दैवी अंग बाजूस ठेवले तरी एक गोष्ट शिल्लक राहते, ती अशी की एवढे काम एकट्याने होत नाही, हे आपल्या आजीबाईंसही ठाऊक होते.

येथे आम्हांस एक स्पष्ट बोलावयाचे आहे. ज्ञातीच्या मेळाव्यात ज्ञातीची स्तुती गोड लागते. परंतु पाळीवर माती टाकणारे हात केवळ आपले नव्हते. चांद्याच्या गोंड राजांच्या अमलात, जो तलाव बांधील त्यास त्याखाली भिजणारी जमीन मिळे, असे जुन्या नोंदी सांगतात. म्हणजे राजाश्रय गोंडांचा. पाण्यातील मासळी व वनस्पती यांचे ज्ञान ढिवर बांधवांचे. अंगमेहनत गावच्या सर्व जातींची. आपण आखणी करणारे होतो, हा मान मोठा आहे. तो पुरेसा आहे. सर्वच मान आपल्या पदरात ओढला तर ते पूर्वजांसही रुचणार नाही.

आता त्या तलावांचे पुढे काय झाले? 1950 च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि 1951 साली तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे न्यायाचेच झाले; कुळांच्या मानेवरचे जू उतरले. पण तलावाची देखभाल करावयाची कोणी, हा प्रश्न मागे राहिला. पूर्वी उन्हाळ्यात गाव गाळ काढी, तो बैलगाड्यांनी बांध्यांत पडे; तलाव खोल होई आणि शेतास खत मिळे. पुढे सर्वांनी म्हटले, तलाव सरकारचा, सरकार पाहील. कागदोपत्री त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. लोक सुटसुटीतपणे ‘मामा तलाव’ म्हणू लागले. आणि मामाचेच म्हटल्यावर भाच्यांनी ते हक्काने लुटले! कोणी काठाची माती नेली, कोणी बेशरमीची झाडे वाढू दिली, कोणी पोटात शिरून बांध्या काढल्या.

सज्जनहो, या भाच्यांत आम्हीही आहोत. आमच्या वडिलांनी तलावाच्या काठास एक धुरा घातला होता. आम्ही शिक्षकी पेशात असताना तो दोन वेळा पाण्याकडे सरकविला. दोन बांध्या निघाल्या, सारी मिळून पाऊण एकर. कोणी हटकले नाही. गुरुजींस कोण हटकणार? त्याच काळात आम्ही शाळेत फळ्यावर जलचक्राचे चित्र काढून बाणांनी पाणी वर चढवीत व खाली उतरवीत होतो. शाळेच्या मागेच तलाव होता. एके दिवशी ढिवरांच्या एका मुलीने उभे राहून विचारले, “गुरुजी, आपल्या तलावात पाणी कोठून येते जी?” आम्ही म्हणालो, “पावसाचे.” ती म्हणाली, “पाऊस तर सगळीकडेच पडते. मंग तेथंच काऊन साचते?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. परीक्षेत येणारा प्रश्न नाही, असे सांगून आम्ही तिला खाली बसविले. आज ती कोठे आहे, आम्हांस माहीत नाही. उत्तर मात्र मिश्रजींच्या पुस्तकात आणि आपल्याच पूर्वजांच्या पाळीत सापडले.

गेल्या हिवाळ्यात ही पुस्तके वाचताना आम्ही एक गणित मांडले. पाऊण एकर म्हणजे सुमारे तीन हजार चौरस मीटर. काठाची जागा म्हणून पाण्याची खोली अर्धा मीटरच धरली, तरी दीड हजार घनमीटर, म्हणजे पंधरा लाख लिटर पाण्याची जागा आमच्या दोन बांध्यांनी अडविली होती. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरच्या तहानलेल्या लोकांसाठी पाण्याची पहिली आगगाडी गेली, तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. अशा तीन आगगाड्यांचे पाणी एका सभ्य शिक्षकाने धुऱ्यामागे बुजवून टाकले होते! आयुष्यभर दुसऱ्यांची गणिते तपासली. स्वतःचे तपासावयास एवढी वर्षे लागली.

आम्ही घरात विषय काढला. पुतण्या म्हणाला, “काका, पाच घरांनी बांध्या काढल्या. आपणच काऊन सोडाव्या? आपण सोडलं तर शेजारी घेईल.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही गप्प बसलो. तेव्हा आमच्या कुटुंबाने चुलीजवळूनच सांगितले, “सोडायचे असेल तर बोलून दाखवू नका, धुरा तोडून दाखवा.” मे महिन्यात आम्ही धुरा तोडला. पुतण्या दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फावडे घेऊन आला. आषाढात पाणी त्या जागेवर चढले. पाच घरांपैकी एका घराने आमच्यामागून धुरा मोडला. उरलेल्या तिघांनी अद्याप मोडलेला नाही. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही, कारण वीस वर्षे आम्ही तेच करीत होतो. घरातील धान यंदा काही पोती कमी भरेल, हेही खरे. ही गोष्ट आत्मस्तुतीसाठी सांगितली नाही. पुस्तक वाचून काय होते, असे आपल्यापैकी काहीजण विचारतात, म्हणून सांगितली.

आता मंडळास चार नम्र सूचना. पहिली, प्रत्येक कुटुंबाने या एकवीसपैकी निदान एक पुस्तक वर्षात घरी न्यावे व रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचावे. आपल्या माताभगिनींनी ते ऐकावे व आपली माहिती त्यात घालावी. काठावरच्या भाज्यांची नावे पुस्तकांपेक्षा त्यांस अधिक ठाऊक आहेत. दुसरी, गावोगावच्या तलावांची नोंदवही करावी. तलावाचे नाव, पाळ, सांडवा, पाणी कोठून येते व कोठे जाते, वृद्धांच्या आठवणी, एवढे प्रत्येक गावच्या एका तरुणाने लिहून आणले तरी येत्या स्मरणिकेत छापता येईल. तिसरी, उन्हाळ्यात एक दिवस श्रमदान. गाळ काढण्यासाठी शासनाची 2017 ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. यंत्र मोठे काम करील. पण बेशरम उपटण्यास यंत्र लागत नाही.

चौथी सूचना काहींना रुचणार नाही. आपल्या वाचनालयाच्या नियमाप्रमाणे पुस्तके केवळ ज्ञातिबांधवांस घरी नेता येतात. निदान पाण्याविषयीची ही पुस्तके ढिवर, गोंड व गावातील इतर सर्व बांधवांच्या मुलांस द्यावीत, असा ठराव आजच्या सभेत मांडावा अशी आमची विनंती आहे. तलावाचे पाणी पाळीखालच्या सर्व बांध्यांस जाते. ते कोणाच्या जातीचे आहे हे विचारीत नाही. मग तलावावरचे पुस्तक तरी आपण कुलपात का ठेवावे? त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या कपाटात आहे, आणि आपल्या नियमाप्रमाणे तिच्या मुलांस ते कपाट बंद आहे. हे आम्हांस बरे वाटत नाही.

अध्यक्षमहाराज, आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या पाळीवर आपण आजवर मान मिळविला. ती पाळ दुरुस्त ठेवणे, एवढे तरी आपल्या पिढीच्या वाट्यास आले आहे. कपाटाच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत. दर रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही वाचनालयात बसतो. पुस्तक न्यावयास यावे, आणि आमच्याशी वाद घालावयासही यावे.