रानवाटेची गाडी : मूळ रूप की नवा साज?

काही दिवसांपूर्वी माझा भाचा एक लांबलचक यादी खिशात घालून माझ्याकडे आला. बेंगळुरूतल्या एका कचेरीत तो संगणकाचे काम करतो. आठवड्याचे पाच दिवस पडद्यासमोर आणि उरलेले दोन दिवस डोंगरात, असा त्याचा शिरस्ता आहे. दीड वर्षापूर्वी त्याने चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी, खाचखळग्यांतून चालणारी एक गाडी घेतली. आता त्या गाडीत काय काय बदलायचे, त्याची ती यादी होती. मोठे टायर, गाडी चार इंच उंच करण्यासाठी नव्या स्प्रिंगा, पुढे जाड लोखंडी बंपर, त्यावर तारेचा दोर गुंडाळणारी विंच, खोल पाण्यात इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून छपरापर्यंत जाणारी नळी, छपरावर कॅरियर आणि कॅरियरवर दिव्यांची रांग! जे. सी. रोडवर, म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांच्या बेंगळुरूतल्या जुन्या बाजारात, त्याने भावही काढून ठेवले होते. एकंदर बेरीज गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाला भिडत होती.

"मामा, तुम्हीच आता आईला समजावा," तो म्हणाला. ताईचा विरोध अगदी साधा होता. तिचे गुडघे दुखतात. "आत्ताच चढताना मला दाराला लोंबकळावे लागते. आणखी चार इंच वर नेलीस, तर मी आपली घरीच बरी," असे तिने सांगून टाकले होते.

श्रोतेहो, प्रश्न एका घरातला असला, तरी तो तेवढाच नाही. कारागिराने पूर्ण करून हाती दिलेली वस्तू आहे तशी वापरावी, की आपल्या गरजेप्रमाणे तिला नवा आकार द्यावा? या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

भाच्याच्या बाजूने बोलायचे, तर जीप ही वस्तूच मुळी गरजेतून घडलेली आहे. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या वाहनाचा नमुना अवघ्या ४९ दिवसांत मागितला आणि बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो मुदतीत हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी त्यावर संस्कार करून युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. १९४७ च्या सुमारास मुंबईत त्यांची जुळणी सुरू झाली आणि पाहता पाहता ही परदेशी गाडी आपल्याकडच्या मळ्यांची, धरणांची आणि निवडणुकांची गाडी बनली. तिला कोणी ताडपत्री घातली, कोणी मागे लांबवून बाके बसवली, कोणी तिच्यावर पाण्याची टाकी ठेवली. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या रणात हवालदार अब्दुल हमीद यांनी शत्रूचे रणगाडे निकामी केले, तेही तोफ बसविलेल्या जीपवरूनच. त्या जीपला कोणी म्हणाले असते का, की तू मूळ रूपातच राहा? १९८५ साली आलेली जिप्सी घ्या. अभयारण्यांतून फिरणाऱ्या कित्येक जिप्सींची मागची बाजू उघडी करून तेथे पायरीपायरीने आसने बसविलेली आपण पाहतो. बदल हा काही गुन्हा नव्हे. वापराने वस्तूला दिलेला तो आकार आहे.

परंतु या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आधी काम आले आणि मग बदल आला. भाच्याच्या यादीत मात्र बदल आधी आले होते. काम अजून यायचे होते. मी त्याला विचारले, "या गाडीने आजवर तुला कोठे दगा दिला?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने गेल्या पावसाळ्यातली हकीकत सांगितली.

सकलेशपूरच्या बाजूला, कॉफीच्या मळ्यातल्या कच्च्या वाटेवर त्याची गाडी चिखलात रुतली. चाके जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी अधिकच खाली बसली. तासाभराने मिरीची पोती लादलेली एक जुनी जीप आली. तिचा वयस्क चालक खाली उतरला, काही न बोलता भाच्याच्या चारही टायरांतली हवा त्याने निम्म्याच्या आसपास सोडून दिली आणि हाताने खूण केली, 'आता हळूच चालव.' गाडी बाहेर आली! हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो, त्याचे पाऊल मोठे होते आणि तेच ओझे अधिक जागेवर वाटले जाते. रानवाटेवरची ही सर्वांत मोठी सुधारणा आणि तिला एक पैसाही पडत नाही. फक्त डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यावी लागते. त्यासाठी एक छोटा पंप जवळ असला म्हणजे झाले. भाच्याच्या यादीत पंप नव्हता.

आता यादीतल्या बदलांचा हिशेब पाहू. पुष्कळांना वाटते की, स्प्रिंगा उंच केल्या की गाडीचे पोट दगडांपासून दूर जाते. काही अंशी ते खरे आहे. पण या जातीच्या पुष्कळ गाड्यांत दोन चाकांना जोडणारा आस एकसंध असतो आणि त्याच्या पोटातली दातेरी चक्रांची पेटी हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो. स्प्रिंगांनी ती पेटी तसूभरही वर जात नाही. ती वर जाते फक्त मोठ्या टायरने आणि तीही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्यानेच. मग ३० इंचांचा टायर काढून ३३ इंचांचा घातला, तर पदरात पडतो दीड इंच. त्या दीड इंचाची किंमत अशी की, वेगमापक ताशी ८० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८८ ने धावत असेल, मोठे व जड चाक थांबवायला ब्रेकना अधिक जोर लागेल आणि चढावर इंजिन आधीपेक्षा लवकर दमेल.

उंचीचे गणित तर आणखी कडक आहे. समजा, गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांत दीड मीटर अंतर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. अशी गाडी कागदावर सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उताराला कलंडेल. तोच मध्य १० सेंटिमीटर वर नेला की ही मर्यादा ४३ अंशांवर येते. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, गाडी झोल खाते, म्हणून खरी मर्यादा याहून पुष्कळ अलीकडे असते. त्यात छपरावर कॅरियर आणि त्यावर सामान! पुढच्या बंपरचे व विंचचे ओझे वेगळेच. आपल्याकडे म्हणतात ना, नाकापेक्षा मोती जड, त्यातला हा प्रकार.

जुन्या जीपच्या काळी याची झळ कमी लागे, कारण त्या गाडीत प्रत्येक भाग आपापले काम स्वतंत्रपणे करीत असे. आजच्या गाडीचे तसे नाही. घसरू लागली तर तिला सावरणारी यंत्रणा, धडकेच्या क्षणी फुगणारी हवेची उशी, ब्रेक दाबताच चाक अडकू न देणारी योजना, या सर्वांना गाडीचे वजन, उंची, चाकाचा घेर आणि पुढच्या पत्र्याचे चेपणे हे सारे ठाऊक असते. त्याच मापांवर त्यांचे निर्णय बेतलेले असतात. समोर अवजड लोखंड बसविले की धडकेचा निरोप त्या उशीपर्यंत भलत्याच वेळी पोहोचू शकतो. ते लोखंड पादचाऱ्यावर आदळले, तर त्याचे काय होईल ते सांगायलाच नको. म्हणूनच अशा लोखंडी गार्डांवर कारवाई करावी, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते.

येथे कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम सांगते की, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिक नि:संदिग्ध केला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायदा अगदीच निष्ठुर आहे असेही नाही. शारीरिक अपंगत्व असलेल्या चालकासाठी गाडीत फेरफार करण्याची वाट त्याने मोकळी ठेवली आहे. म्हणजे खऱ्या गरजेला तेथे जागा आहे. हौसेला मात्र नाही. शिवाय विमा कंपनीला न कळविलेला बदल नेमका नुकसानभरपाईच्या वेळी आड येऊ शकतो.

भाच्याने शेवटचा बाण काढला. "मामा, सप्टेंबर २०२२ आठवा. आपल्याच शहरात गाड्या बुडाल्या होत्या. तेव्हा श्वासनळी असती तर?" मला आठवत होते. त्या पावसात बेंगळुरूच्या बाह्य वर्तुळ मार्गाच्या परिसरात पाणी तुंबले आणि लोक कचेरीला निघाले ते ट्रॅक्टरवर बसून. मी म्हटले, "बाबा रे, त्या दिवशी शहाणा तो ठरला, ज्याने गाडी घरी ठेवली आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला." नळीने इंजिन वाचेल, पण पाण्याखालचे उघडे गटार ती नळी दाखवीत नाही.

वाहन कितीही सिद्ध असले, तरी जमीन ओळखण्याची विद्या स्वाराकडेच असावी लागते. याच बेंगळुरूची जहागीर सांभाळणारे शहाजीराजे हयातभर घोड्याच्या पाठीवर वावरले आणि १६६४ साली होदिगेरेजवळ शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडूनच त्यांचा अंत झाला. अशा निष्णात स्वारालाही जमिनीने एकदा चकविले. मग आपण तर रविवारचे स्वार! आणि त्या जमिनीचीही एक बाजू आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवत एका चाकोरीने उखडले, तर पुढच्या पावसात तिथे ओहोळ पडतो. जी गाडी कोठेही जाऊ शकते, ती कोठे जाऊ नये हे चालकालाच ठरवावे लागते.

मग बदल करूच नये का? असे मी म्हणणार नाही. एकट्याने दूर रानात काम करणाऱ्या माणसाला विंच जीवदान देईल; स्पर्धेसाठी बंदिस्त मैदानात वापरायच्या गाडीचे शास्त्रच निराळे. पण रोज कचेरीला, रविवारी डोंगराला आणि दिवाळीत आईला घेऊन कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीने आपले मूळ रूप राखावे, हेच मला अधिक शहाणपणाचे वाटते. निदान एक वर्ष तिला आहे तशी चालवावी, ती कोठे अडली हे वहीत टिपावे आणि मगच त्या एका अडचणीपुरता, कायद्यात बसणारा उपाय करावा.

भाच्याला हे सगळे पटले असे नाही. यादी त्याने घडी घालून खिशात ठेवली; फाडली नाही. पण परवा तो ताईला घेऊन आला, तेव्हा गाडीच्या मागच्या भागात तीन नव्या वस्तू दिसल्या : हवेचा पंप, गाडी ओढून काढण्याचा मजबूत पट्टा आणि एक लहानसे लाकडी स्टूल. त्याने दार उघडले, स्टूल खाली ठेवले आणि त्यावर पाय देऊन ताई स्वत:च्या बळावर, कोठेही न लोंबकळता, गाडीतून उतरली.