रांजणगावची तिसरी भाषा : कोरियन जीभ, मराठी कान

शिरूर तालुक्यातील रांजणगाव अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु पुणे-अहिल्यानगर महामार्गालगतच्या तेथील औद्योगिक वसाहतीत एलजी या दक्षिण कोरियाच्या कंपनीने ग्रेटर नोएडानंतरचा आपला भारतातील कारखाना उभारला आणि तेव्हापासून एक वेगळाच भाषिक व्यवहार या परिसरात रुजला. कोरियन तंत्रज्ञ आणि शिरूर, दौंड, पारनेर, श्रीगोंदा या तालुक्यांतून येणारा मराठी कामगार यांच्यामध्ये दुभाषी असला तरी यंत्रापाशी उभे राहून जे बोलावे लागते ते इंग्रजीतच, आणि ही इंग्रजी दोघांपैकी कोणाचीही मातृभाषा नसते. कोरियन भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवर आजवर जे विपुल लेखन झाले आहे, त्यात अमेरिकन कान हेच प्रमाण धरलेले दिसते. येथे ऐकणारा कान मराठी आहे, आणि कान बदलला की अडचणींची यादीही बदलते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

ज्या ध्वनीच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो, त्याला भाषाशास्त्रात स्वनिम म्हणतात. मराठीत ‘पळ’, ‘फळ’ आणि ‘बळ’ हे तीन निराळे शब्द असल्यामुळे प, फ, ब हे तीन स्वनिम ठरतात. यांपैकी ब उच्चारताना कंठातील स्वरतंतू कंप पावतात, म्हणून तो घोष, तर प आणि फ अघोष, आणि फ मध्ये श्वासाचा झोत अधिक असल्यामुळे तो महाप्राण. कोरियन भाषेतही ओठांवर उच्चारले जाणारे असे तीन स्फोटक ध्वनी आहेत. मात्र त्यांची विभागणी घोष-अघोष या तत्त्वावर झालेली नसून एक साधा, दुसरा कंठ आवळून काढलेला ताठर आणि तिसरा महाप्राण असे ते तीन प्रकार आहेत. साधा ध्वनी शब्दारंभी प सारखा आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की ब सारखा ऐकू येतो, पण कोरियन माणसाच्या लेखी तो एकच असतो. त्या देशातील प्रसिद्ध बंदराचे नाव रोमन लिपीत पूर्वी ‘पुसान’ असे लिहिले जाई आणि २००० साली सरकारने लिप्यंतराचे नियम बदलल्यावर ते ‘बुसान’ झाले. उच्चार मात्र होता तोच राहिला.

कोरियनमध्ये दंतोष्ठ्य फ, म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढलेला ‘फाईल’मधील ध्वनी, नाही, त्याच्या जागी महाप्राण ओष्ठ्य ध्वनी येतो. अमेरिकन शिक्षक हा मोठा दोष मानतो, परंतु हा ध्वनी म्हणजे ‘फळ’, ‘फूल’ या शब्दांतला जुन्या वळणाचा मराठी फ च होय, आणि त्यामुळे कोरियन माणसाने उच्चारलेला ‘फोन’ दौंडच्या आजीबाईंच्या ‘फोन’हून फारसा निराळा नसतो. मराठी माणसाची अडचण उलट टोकाला सुरू होते. इंग्रजी शब्दारंभीचा प थोडा महाप्राण असल्यामुळे कोरियन माणूस तोही याच अक्षराने लिहितो व उच्चारतो. परिणामी मालाची रास या अर्थाचा ‘पाइल’ आणि कागदपत्रांची ‘फाईल’ हे दोन्ही शब्द मराठी कानाला ‘फाइल’ म्हणूनच ऐकू येतात, आणि ‘पंप’ हा ‘फम्फु’ होऊन बसतो. त वर्गात तर ही अदलाबदल साखळीसारखी चालते. कोरियन माणसाचा ‘टँक’ मराठी कानाला ‘थँक’ वाटतो आणि त्याचा ‘थँक्यू’ हा ताठर ध्वनीमुळे ‘तँक्यू’ वाटतो. दंतोष्ठ्य व हा ध्वनी तेथे नसल्यामुळे ‘व्हॉल्व्ह’ हा ‘बॅल्बु’ होतो, आणि देखभाल विभागात त्याचा ‘बल्ब’ होण्याला फारसा अवकाश उरत नाही.

स चा श होणे ही कोरियन उच्चारांची दुसरी ठळक खूण. इ या स्वरापूर्वी त्यांचा स आपोआप तालव्य होतो, म्हणजे जीभ टाळूकडे सरकून श उमटतो. त्यामुळे ‘सीट’ आणि ‘शीट’ एकच होतात, आणि इंग्रजीतला थ नसल्यामुळे त्याच्या जागी आलेला स पुढे इ असल्याने पुन्हा बदलून ‘थिकनेस’चा ‘शिक्निस’ होतो. मराठी माणसाने याला हसण्याचे कारण नाही, कारण ‘असा-अशी’, ‘कसा-कशी’, ‘म्हैस-म्हशी’ या जोड्यांत तो दिवसभर हेच करीत असतो. संस्कृत सिंदूर मराठीत शेंदूर झाला तो याच प्रवृत्तीने, आणि खेड्यातील गवंडी सिमेंटला ‘शिमिट’ म्हणतो तोही याच प्रवृत्तीने. गंमत अशी की, इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात शिरूरचे नाव ‘सिरूर’ असे छापलेले आढळते.

शब्दांच्या सांध्यावर होणारे बदल हा या विषयाचा सर्वांत रंजक, आणि उपयोजित पुस्तकांत सर्वांत उपेक्षित, भाग होय. कोरियन भाषेत क, त, प यांच्यापुढे अनुनासिक आले की तेही अनुनासिक होतात. ‘हांगुक’ म्हणजे कोरिया आणि ‘माल’ म्हणजे भाषा, हे जोडून ‘हांगुंगमाल’ असा उच्चार होतो. न आणि ल समोरासमोर आले की दोन्ही ल होतात. प्राचीन ‘शिल्ला’ राज्याच्या नावाची अक्षरे सुटी वाचली तर शिन आणि रा अशी आहेत. शालेय व्याकरणात व्यंजनसंधी शिकलेल्या मराठी वाचकाला वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ आणि तत् + लीन = तल्लीन यांची आठवण येथे झाल्याशिवाय राहणार नाही; फरक इतकाच की, मराठीत हे नियम संस्कृत शब्दांपुरते गोठलेले आहेत, तर कोरियन माणूस ते इंग्रजी शब्दांनाही सर्रास लावतो. म्हणूनच ‘अपलोड’ हा ‘अम्नोडु’ आणि ‘हॉटलाइन’ हा ‘हान्नाइन’ होतो. एखादा ध्वनी चुकला तर संदर्भाने शब्द सावरता येतो. येथे शब्दाचा सांगाडाच बदलत असल्याने ऐकणारा गोंधळतो, आणि नियम ठाऊक असेल तर मात्र लगेच सावरतो.

शब्दान्ती येणारा जादा उ आणि र-ल यांची एकरूपता या बाबी सर्वपरिचित असल्याने त्यांचा केवळ उल्लेख पुरे. ‘स्ट्राइक’ या एका अक्षरावयवाच्या शब्दाचे कोरियनमध्ये पाच अवयव होतात. र, ल आणि ळ असा तिहेरी भेद पाळणाऱ्या मराठीला त्यांचा एकच द्रवध्वनी कंगाल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोरियनमधील ध्वनींचे दारिद्र्य सनातन नव्हे. राजा सेजोंग याने १४४३ साली सिद्ध करून १४४६ साली जाहीर केलेल्या हांगुल लिपीत, जिच्या कित्येक व्यंजनांची आकृती जीभ, ओठ, दात व कंठ यांच्या ठेवणीवरून बेतलेली आहे, दंत्य झ च्या जवळच्या आणि व च्या जवळच्या ध्वनींसाठी स्वतंत्र चिन्हे होती. पुढे ते ध्वनी बोलण्यातून गेले आणि चिन्हेही मागे पडली.

उच्चारांचा दर्जा ठरवताना मूळ इंग्रजी भाषकाशी साम्य न पाहता परस्परांना समजणे पाहावे, हा विचार भाषाभ्यासक जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पद्धतशीर मांडला. त्यांच्या मते इंग्रजीतील थ-द यांचे नेमके उच्चार समजुतीसाठी आवश्यक नाहीत, मात्र शब्दारंभीच्या प, ट, क यांतील श्वासाचा झोत आवश्यक आहे. या कसोटीवर कोरियन तंत्रज्ञ सहज उतरतो आणि अडतो तो मराठी, कारण त्याचा ‘पेन’ अगदीच अल्पप्राण असल्याने कोरियन कानाला तो ताठर प वाटतो. मराठी माणूस इंग्रजीतील दोन निराळे व एकाच ‘व’ ने उच्चारतो, ही गोष्टही कोरियन श्रोत्याला खटकते, कारण ओठ गोल करून काढलेला व त्याच्या भाषेत उ च्या मिश्रस्वरांत आहे आणि दंतोष्ठ्य व ला तो ब म्हणतो. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांत त्याला जो भेद अपेक्षित असतो, तो मराठी तोंडून त्याला मिळत नाही. रांजणगावसारख्या ठिकाणी नवीन कामगारांना जे इंग्रजी संभाषण शिकवले जाते, त्यात बोलण्याच्या सरावाइतकाच ऐकण्याचा सराव असावा, आणि तो लंडन-न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणांवर न घेता सोल आणि बुसानच्या माणसांनी वाचलेल्या यंत्रभागांच्या नावांवर घ्यावा. कोरियातून येणाऱ्यांसाठी तेच काम शिरूर-दौंडच्या आवाजांनी करता येईल.