कंपास मध्येच गायब होतो? आय-टू-सी बसचा वेग बघा

ड्रोन बांधणाऱ्या मुलामुलींकडून एक तक्रार मला वारंवार ऐकू येते. "दादा, टेबलावर कंपास व्यवस्थित दिसतो. मोटर सुरू केल्या की गायब!" मग कोणी नवा कंपास मागवतं, कोणी अख्खा फ्लाइट कंट्रोलर बदलतं. मी म्हणतो, पैसे घालवायच्या आधी एक सेटिंग बघा. आज मी आयनॅव्ह फर्मवेअरचं उदाहरण घेऊन बोलतोय.

आधी सांगतो, कंपास गेला तर बिघडतं काय. ड्रोन लगेच पडत नाही. तोल सांभाळणारा जायरो बहुतेक बोर्डांवर वेगळ्या, खूप वेगवान एसपीआय बसवर असतो. पण पोझिशन होल्ड लावला आणि ड्रोनला आपलं तोंड कुठे आहे हेच चुकीचं कळलं, तर तो जागेवर थांबत नाही. गोल फिरायला लागतो आणि घेर वाढत जातो. खाली माणसं उभी असतील तर हा खेळ राहत नाही.

कंपास बोलतो आय-टू-सी बसवर. ही बस फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणली, ती मुळात एकाच उपकरणातल्या चिप्सनी जवळच्या जवळ बोलावं म्हणून. आपण मात्र कंपास जीपीएससोबत उंच दांडीवर बसवतो. ते बरोबरच आहे, कारण बॅटरीच्या तारांतून मोठा करंट गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कंपास फसतो. पण कंपास लांब नेला की वायरही लांबते. खरी ओढाताण इथे आहे.

लांब वायरचा त्रास काय? या बसवर चिप तारेला फक्त शून्यावर खेचते. परत वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टर करतो. वायर जितकी लांब, तितका तिचा कपॅसिटन्स जास्त, म्हणजे सिग्नल वर चढायला वेळ जास्त. समजा रेझिस्टर ४.७ किलोओहमचा आहे आणि एकूण कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड. मग सिग्नल चढायला साधारण ४०० नॅनोसेकंद लागतात. ४०० किलोहर्ट्झच्या बसला नियमानुसार ३०० चालतात, १०० किलोहर्ट्झला १००० चालतात. तीच वायर, तोच कंपास. एका वेगाला नापास, दुसऱ्याला पास! त्यात मोटरचा नॉइज मिसळला की चुका वाढतात.

"मग थेट १०० करून टाकू?" थांबा. कंपासचं एक रीडिंग घ्यायला पत्ता वगैरे धरून साधारण ९ बाइट जातात, आणि प्रत्येक बाइटला ९ क्लॉक लागतात. म्हणजे ८१ क्लॉक. ४०० किलोहर्ट्झला हे काम सुमारे २०० मायक्रोसेकंदांत उरकतं, १०० ला सुमारे ८१० लागतात. तुमचा लूपटाइम १००० असेल तर एका रीडिंगमध्येच जवळजवळ सगळा वेळ संपला. बरं, बॅरोमीटरही बऱ्याचदा याच बसवर असतो.

आता कामाचं बोलू. सगळ्यात आधी प्रोपेलर काढा. मग बॅटरी जोडा, कॉन्फिगरेटरमध्ये सीएलआय उघडा आणि 'स्टेटस' टाइप करा. त्यात आय-टू-सी एरर्सचा आकडा दिसेल, तो लिहून ठेवा. मोटर टॅबमधून मोटर हळू फिरवा, वायर हलवून बघा आणि पुन्हा स्टेटस घ्या. आकडा वाढला तर दोष बसमध्ये आहे. आकडा शून्यच आहे आणि कंपास गायब होत नाही, नुसता चुकीची दिशा दाखवतोय? मग वेगाला हात लावू नका. कॅलिब्रेशन आणि कंपासची जागा तपासा.

दोष बसमध्येच असेल तर आधी वायर. गरजेपेक्षा लांब असेल तर कापा, ईएससी आणि बॅटरीच्या तारांपासून दूर न्या, सोल्डर नीट बघा. तरीही एरर येत असतील तर सीएलआयमध्ये 'सेट आय-टू-सी अंडरस्कोर स्पीड', बरोबरचं चिन्ह, २०० केएचझेड असं टाइप करा आणि मग 'सेव्ह'. आयनॅव्हमध्ये हा वेग मुळात ४०० असतो. बोर्ड रीस्टार्ट झाला की तीच चाचणी पुन्हा करा. १०० वर अगदीच नाइलाज असेल तर जा, आणि गेलात तर लूपटाइम वाढवावा लागेल हे लक्षात ठेवा. ८०० चा पर्यायही दिसेल. लांब वायर असताना तो मोह नको.

एक फरक ध्यानात असू द्या. जीपीएसच्या सीरियल पोर्टला दोन्हीकडचा बॉड रेट जुळावा लागतो, नाहीतर डेटा कचरा होतो. आय-टू-सीत क्लॉक फ्लाइट कंट्रोलर देतो आणि कंपास त्याच्या मागे चालतो. म्हणून वेग कमी केला तरी कंपासमध्ये काही बदलावं लागत नाही.

टेबलावर एरर शून्य आले तरी पहिलं उड्डाण मोकळ्या मैदानात, कमी उंचीवर करा, कारण भार घेतलेल्या मोटरचा नॉइज टेबलावर कळत नाही. उतरल्यावर बॅटरी काढायच्या आधी स्टेटस बघा, बॅटरी काढली की आकडा पुसला जातो. तुमचा आकडा किती आला आणि वायर किती लांब होती, दोन्ही मला कळवा. भेटू पुढच्या भागात!